शुक्रवारचं बंड

माझा भाचा सिनेमा काढतोय, ऐकलंत ना? उशीएवढ्या जाड कादंबरीवर. त्यात गोरे व्यापारी येतात, विणकरांना पिळतात आणि शेवटी विणकर बंड करतात. शूटिंग आमच्याच कामतघर गावात, आमच्या पॉवरलूमशेजारच्या गाळ्यात हातमाग मांडून. विणकर म्हणून आमचेच लूमवाले उभे करायचे ठरले.

पण गोरा साहेब झालेल्या नटानं तोंड उघडलं की शेजारी लूमची खटाखट सुरू. भाचा रडकुंडीला आला.

"मामा, हे बंद कधी असतं?"

"शुक्रवारी. त्या दिवशी सुट्टी."

शुक्रवारी पोचलो तर माशीची गुणगुण ऐकू येईल अशी शांतता. गोरा कोट घालून तयार. विणकर एक न्हाय.

"मामा, माणसं कुठायत?"

"सुट्टी हाय ना. निम्मे झोपलेत, निम्मे वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात बसलेत."

"हे आत्ता सांगताय? या गोऱ्याची आज शेवटची तारीख. बंड काय तुम्ही एकटे करणार?"

"अरे, साहेब बोंबलतोय आणि कामाला कुत्रं फिरकलं न्हाय. आणखी बंड कसलं असतं?"

भाच्यानं कपाळावर हात मारला. रिकाम्या मागांकडे बघत बसला. मग कॅमेरावाल्याला हळूच म्हणाला, "लाव रे."