या छपराखाली कोण कोण

पाहणीवाली : ...तर मावशी, उद्याच्या निराधार मुलांसाठीची धोरणं या अभ्यासातूनच ठरणार आहेत. म्हणून उत्तरं अगदी खरी द्यायची.

मावशी : हे तू दरवर्षी सांगतेस. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा सांगितलंस, तेव्हा मी उठून केससुद्धा विंचरले होते.

पाहणीवाली : वाचून दाखवावंच लागतं हो. प्रश्न पहिला. वर्षातले सहा महिने किंवा जास्त या छपराखाली कोण कोण झोपतं?

मावशी : दोघी. मी आणि माझी भाची. लिही.

पाहणीवाली : आहे कुठे ती?

मावशी : आत्ता खाली गेली, मशीनच्या सुया आणायला. येईलच.

पाहणीवाली : मग थांबते.

मावशी : थांब की. मला कुठे घाई आहे.

(बराच वेळ फक्त शिलाई मशीन चालतं.)

पाहणीवाली : मावशी, तिच्या पलंगावर गिऱ्हाइकांच्या पडद्यांचे गठ्ठे आहेत. गादीसुद्धा दिसत नाही.

मावशी : बारीक आहे ती. मावते.

पाहणीवाली : मावशी.

मावशी : मार्चमध्ये गेली. रक्त तपासतात तिथे लागली, राहायची सोयही तिकडेच. रविवारी फोन करते. सुटी असली तर.

पाहणीवाली : अहो, मग ही आनंदाचीच गोष्ट. 'स्वतःच्या पायावर उभी' असा रकाना आहे आमच्याकडे. अख्ख्या वस्तीत त्यात चारच खुणा आहेत.

मावशी : समोरच्यांची थोरली कामाला लागली, त्या वर्षापासून तू त्यांच्याकडे फिरकली नाहीस. आधी वाटलं, तुमचं काही बिनसलं. मग कळलं, खूण झाली.

पाहणीवाली : एकट्या माणसाला आमच्या व्याख्येत कुटुंब धरत नाहीत.

मावशी : मग कशात धरतात?

पाहणीवाली : साठीपुढच्या एकट्यांचा वेगळा अभ्यास असतो.

मावशी : मला त्रेपन्न पूर्ण झाली. नाव घालून ठेव. सात वर्षं काय, बसल्या बसल्या जातील.

पाहणीवाली : ते दुसरं खातं. त्यांची बाई वेगळी.

मावशी : वेगळी बाई घेऊन काय करू? पोरीने परीक्षेत नापास झाल्याचं आधी तुला सांगितलं, मला नंतर.

पाहणीवाली : ते गोपनीय होतं. तुम्हाला कसं कळलं?

मावशी : भिंत पातळ आहे. पुढचं विचार.

पाहणीवाली : पुढे मुलीचं खाणं, अभ्यास, घरातली भांडणं. ती सगळी पानं आता गळतात. शेवटचा प्रश्न तेवढा राहिला.

मावशी : विचार. सावकाश विचार.

पाहणीवाली : तो तुम्हाला नाही, मला आहे. मुलाखतीला किती वेळ लागला.

मावशी : गेल्या वर्षी दोन तास लिहिले होतेस. तिघी बोलत बसलो होतो.

पाहणीवाली : हो.

मावशी : आणि यंदा?

पाहणीवाली : अकरा मिनिटं. त्यातली सात तिची वाट पाहण्यात गेली.