काही म्हणजे निदान एक

—नाही गं ॲनिशा, 'फक्त' आलं की वाक्य उलटं करायचं, किती वेळा सांगू? 'फक्त सोसायटीच्या मेंबरनाच पाणी मिळेल' — म्हणजे सगळ्या मेंबरना मिळेल असं थोडंच आहे? मी आहे की मेंबर, कालपासून नळाला थेंब नाही! — 'पाणी मिळणारे सर्व लोक मेंबर आहेत', एवढंच. वीस वर्षं तर्कशास्त्राच्या वर्गात हेच करतेय बघ मी. लोक बिचारे धडपणे बोलत असतात आणि मी त्यांची वाक्यं साच्यात कोंबत बसते. 'सर्व माणसं मर्त्य आहेत' — वर्गातली पोरं म्हणतात, मॅडम रोज दहा वाजता सगळ्यांना मारतात — सॉरी. सॉरी गं. तोंडाला फाटकच नाही माझ्या. तुझ्या बाबांना जाऊन महिना नाही झाला आणि मी आपली...

दुसरं बघू. 'सगळेच टँकरवाले वाईट नसतात.' — हे कुठून आणलंस? हो हो, रोजच्या बोलण्यातली वाक्यं आणा असं मीच म्हटलं. तू लिहिलंयस 'कोणतेही टँकरवाले वाईट नाहीत'. चूक. 'काही टँकरवाले वाईट नाहीत' — त्यापुढे एक अक्षर नाही. तुझ्या बाबांचं, लुईसदादांचं भांडण तरी कुठे सगळ्यांशी होतं? त्या एकाशीच ना, बिल्डिंगमागच्या वाडीतली विहीर उपसू नको म्हणून? — आणि ते पाणी यायचं आमच्याच टाकीत. मग? मी काय करणार होते, आंघोळ सोडणार होते?

तिसरं वाच. मोठ्याने. — 'बिल्डिंगमधल्या कोणीही काही पाहिलं नाही.'

हे... हे पोलिसांच्या कागदातलं आहे. आईकडे आहे होय तो? माझी सही आहे त्याच्यावर, हो. सगळ्यांचीच आहे. पाय घसरून विहिरीत पडले, आम्ही कोणी बघितलं नाही. — बरं. वाक्य म्हणून बघू, वाक्याला काय घाबरायचं? 'बिल्डिंगमधली कोणतीही व्यक्ती पाहणारी व्यक्ती नाही.' ई विधान, सरसकट नकार देणारं. हे खोटं कधी पडेल? 'काही व्यक्ती पाहणाऱ्या आहेत' हे खरं ठरलं की. आणि काही म्हणजे किती? — निदान एक. शाब्बास. शंभर लागत नाहीत, एक पुरते. एखादी, दुपारची, स्वयंपाकघराच्या खिडकीशी भेंड्या पुसत उभी असलेली — आपलं उदाहरण म्हणून — तिने पाहिलं, की त्यांनी दोन्ही हात वर केले, नको नको म्हणत, आणि त्याने नुसतं एका हाताने, दार लोटावं तसं—

उदाहरण आहे गं! असं बघू नकोस माझ्याकडे. माझी ज्ञानदा दहावीला आहे. क्लासहून एकटी येते, टँकर उभे असतात त्याच रस्त्याने. ते कुठल्या साच्यात घालू मी, सांग ना? आणि त्याने वर बघितलं होतं. खिडकीकडे. मग हात पुसले शर्टाला आणि — हसला.

काय लिहितेयस? ॲनिशा. वही दे. दे इकडे. — 'काही व्यक्ती पाहणाऱ्या आहेत.' — बरोबर आहे. पैकीच्या पैकी. म्हणून तर म्हणते, खोड ते. पेनाने लिहिलंयस? मग पान फाड... रडू नको. मी रडतेय का? जा तू आता. उद्यापासून येऊ नकोस. आणि खाली कुणी विचारलं, तर — काही नाही. जा.