एक रिकामी ओळ

...आणि हरलो कशानं? रिकाम्या ओळीनं! तुम्हाला सांगतो, माणूस चुकीच्या चालीनं हरेल, डुलकी लागून हरेल. आम्ही तोक्योत, भर फायनलला, एका रिकाम्या ओळीनं हरलो!

म्हणजे बघा, गो, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा तो जपानी पटखेळ, खेळणारा आमचा प्रोग्रॅम चाल सांगतो पंचांच्या कॉम्प्युटरला. बोलायची रीत ठरलेली: आधी बरोबरचं चिन्ह, मग चाल, शेवटी एक रिकामी ओळ. ती ओळ म्हणजे 'झालं माझं बोलून'. ती आली नाही, की पलीकडचा आपला कान देऊन बसलेला... बोला, बोला, ऐकतोय!

आता आमचे हिराबायाशीसान. माझे जोडीदार, जन्मभर गो शिकवलेला माणूस, साठीनंतर कॉम्प्युटर शिकले, आणि टापटिपीचं भारी वेड! वेळ संपत आला की घाईनं चाल देणारा भाग आम्ही वेगळा लिहिला होता. फायनलच्या सकाळी तो आवरायला घेतला. 'ओळ सोड' दोनदा कशाला, एकदा पुरे की, म्हणून एक काढून टाकली. पहिलीनं चालीची ओळ संपायची, ती दुसरीच रिकामी ओळ पाडायची! मला सांगावं? छे!

डाव काय रंगला म्हणून सांगू! समोर सप्पोरोची नोनाका, तिचा प्रोग्रॅम भलता तिखट. तरी आम्ही पुढे! मी टाचा उंचावून बघतोय, हिराबायाशीसान माझी बाही ओढतायत... तेवढ्यात वेळ कमी झाला, घाईचा भाग सुरू झाला, आणि सगळं गप्प. आमच्या पडद्यावर चाल दिसतेय, सुरेख चाल, पंचांचा कॉम्प्युटर मात्र वाट बघतोय. कशाची? एका रिकाम्या ओळीची!

मी पंच ओगिनोबाईंकडे धावलो. म्हटलं, चाल समोर दिसतेय, घ्या की. नोनाकासुद्धा म्हणाली, माझी हरकत नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "कुवाबारासान, त्याचं बोलणं अजून संपलेलं नाही."

घड्याळातला आमचा वेळ संपला, म्हणजे डाव हरलो. हिराबायाशीसान इतके खचले, की मला त्यांच्यावर ओरडताही येईना. तेवढ्यात नोनाका आली, हातात खरा पट आणि सोंगट्यांचे डबे. गुरुजींपुढे वाकावं तशी त्यांच्यापुढे वाकून म्हणाली, "सेन्सेई, असं जिंकणं मला नको. इथून पुढं हातानं खेळूया?"

काय उजळला हो त्यांचा चेहरा! सगळा हॉल भोवती जमला. ती खेळते तिच्या बाजूनं, हे खेळतायत आमच्या प्रोग्रॅमच्या जागी, आणि मी मनात म्हणतोय, आता जगाला कळेल खरं कोण जिंकत होतं!

कळलं.

अर्ध्या घरानं, म्हणजे गोमधल्या सगळ्यात लहान फरकानं, हरलो. एकच डाव दोनदा हरणारी माणसं तुम्ही पाहिली नसतील... बघून घ्या!