उरलेल्या दोन नळ्या

मंडळी, ऐका! आज एकच विचारतो — दया करायला गेलं आणि हातून घात झाला, तर दोष कुणाचा? माना डोलवू नका, उत्तर अजून आलेलं नाही!

माळावरच्या वस्तीत गिरजाबाई राहायची. तिची गाय मोगरी. बाईनं पोटच्या पोरीसारखी वाढवलेली! एके दिवशी मोगरीची कास सुजली, सड दगडासारखे झाले, दुधात गुठळ्या. गिरजाबाईला घास गिळवेना. गुरांचे डॉक्टर आले. सडात सोडायच्या औषधाच्या पाच नळ्या देऊन म्हणाले, "रोज एक. पाचही संपवायच्या."

तीन दिवसांत सूज उतरली! तुम्ही असता तर काय केलं असतं? हसताय — म्हणजे तेच! तिनं दोन नळ्या फडताळात जपून ठेवल्या. चौथ्या दिवशी शेजारची पारू रडत आली, तिच्याही गाईला तेच दुखणं.

"रडू नकोस गं. माझ्या मोगरीला यानंच गुण आला," गिरजाबाई म्हणाली. मोगरीची धार काढून उठली होती, तशीच गेली, नळ्या सोडल्या, वर पारूच्या गाईची धारही काढून दिली. केवढं मन बाईचं!

पण कासेत काय चाललं होतं? तीन नळ्यांत मेले ते कच्चे जंतू. चिवट होते ते तगले, औषध पचवून वाढले! आणि न धुतलेल्या हातांवर बसून — सांगायला नको — शेजारच्या गोठ्यात गेले!

महिन्याभरात दोन्ही गाई पुन्हा आजारी. डॉक्टरांनी दूध तपासायला पाठवलं. कागद आला तसा तो घेऊन ते गोठ्यात आले.

"बाई, ते औषध आता या जंतूंना लागू पडत नाही."

"मग दुसरं द्या की."

"दुसरंही पडत नाही. एकच राहिलंय, बघू."

मोगरी वाचली, पण दोन सड कायमचे आटले. पारूची गाय गेली.

गिरजाबाई पारूच्या दारात जाऊन बसली. "पारू, मीच दिलं गं ते."

पारूनं तिचा हात धरला. "तू दिलं नसतंस, तर मी मागून नेलं असतं."

मंडळी, आता बोला, दोष कुणाचा? खाली बघू नका! मागच्या तापातल्या उरलेल्या चार गोळ्या तुमच्याही घरात आहेत. उद्या शेजारीण डोळे भरून दारात येईल. तेव्हा गोळी पुढे करू नका — चपला घाला, आणि तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत चाला. देवाला तेवढी दया पुरते!