फळ्यावरचा मंगळवार

सिस्टर : सात नंबरच्या मामांना घरी सोडताय? कागदावर 'लक्ष उत्तम' कुणी लिहिलं?

डॉक्टर : मी. नाव विचारलं, पत्ता विचारला, वार विचारला. धडाधड उत्तरं दिली. आणि मला खाट रिकामी हवीय.

सिस्टर : वार कोणता सांगितला?

डॉक्टर : मंगळवार.

सिस्टर : आणि तुम्ही बरोबरची खूण केलीत.

डॉक्टर : मग? मंगळवारच आहे ना!

सिस्टर : बुधवार. समोरचा फळा पुसायचा राहिलाय. त्यांनी तिथून वाचलं, तुम्हीही तिथूनच वाचलंत. शाब्बास! ढ पोरानं ढ पोराची पाटी बघावी तसं.

डॉक्टर : रात्रपाळी झालीय माझी, चुकतो वार. पण ते किती छान हसून बोलतात.

सिस्टर : चाळीस वर्षं बसचे कंडक्टर होते. झोपेतसुद्धा हसून बोलतील. तुम्ही त्यांचं हसणं तपासलंत. बसा त्या स्टुलावर. मोबाइल खिशात. मामा, ओ मामा, डोळे उघडा.

मामा : बोला ताई.

सिस्टर : काल महिने कसे सांगितलेत, परतीच्या फेरीसारखे? डिसेंबरपासून मागं मागं. सांगा बरं.

मामा : ते होय! डिसेंबर. नोव्हेंबर. ऑक्टोबर... ऑक्टोबर... पुढं सरका जरा, दारात गर्दी नको.

सिस्टर : ऑक्टोबरच्या आधी, मामा?

मामा : नोव्हेंबर. डिसेंबर. झालं की!

डॉक्टर : वय झालंय, सिस्टर.

सिस्टर : एका रात्रीत? काल संध्याकाळी एका दमात जानेवारी गाठला, वर मलाच विचारलं, तिकीट घेतलं का म्हणून. आज चार स्टॉपही जमेनात. अंगात कुठलातरी संसर्ग शिजतोय त्यांच्या; म्हातारपणी तो आधी डोक्यात दिसतो. घरी लेक दिवसभर कामावर. जिन्यात पडले असते, नाहीतर तापात गेले असते. तुमची खूण मात्र ठणठणीत राहिली असती.

डॉक्टर : ...लघवी तपासायला पाठवा. रक्तही.

सिस्टर : लघवी सकाळीच बाटलीत धरून ठेवलीय. सही करा. आणि तारीख फळ्यावरून उतरवू नका.

डॉक्टर : घरी सोडायचा कागद?

सिस्टर : तो तुम्हीच फाडा. माझे हात धुतलेले आहेत.

मामा : ताई, गाडी कुठवर आली?

सिस्टर : ऑक्टोबरपाशी थांबलीय, मामा. आज उतरायचं नाही.