बाबांचा ताल

घशाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या.

“ताई, भावोजींचा आवाज कधी बसला गं?”

“बसला नाही. पोराचं ते विनोदी रॅप गाजलं, तेव्हापासून बोलणंच सोडलंय त्यांनी.”

“त्यांच्या तोतरेपणावरचं?”

“हो. त्यांच्या अडखळण्यावरच ताल धरला होता. लोक पोट धरून हसले. मग हे कंडक्टर म्हणून बसमध्ये थांब्याचं नाव पुकारायला लागले, की प्रवासीच तसं गाऊन दाखवायचे.”

“मग काढून टाक म्हणावं ते गाणं!”

“केव्हाच काढलं. लोकांच्या तोंडातून कसं काढणार?”

“आता काय म्हणतो?”

“रोज फोन करतो. म्हणतो, बाबा, निदान एक शिवी तरी घाला.”

“मग?”

“हे नुसते ऐकतात. पण त्याचं रडणं थांबेपर्यंत फोन कानावरून काढत नाहीत.”