उतरलेली किंमत

सेलच्या रांगेत इस्त्री घेऊन उभ्या असलेल्या शिक्षिकेच्या पुढे एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची लेक होती. व्हॅक्युम क्लीनरचं खोकं गृहस्थ पायाने थोडंथोडं पुढे सरकवत होते. शिक्षिकेला त्यांचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण रांग हलत नव्हती.

"बाबा, चाळीस टक्के सूट वगैरे काही नसतं हो. आधी किंमत फुगवतात, मग उतरवतात."

"त्या लाल मशीनची फुगवलीय. मागच्याच महिन्यात. ह्याची खरंच उतरलीय. तीन महिने दर शनिवारी येऊन लिहून घेतोय मी."

"तीन महिने? म्हणजे आई गेल्यापासून?"

"शनिवारी काय करायचं ते सुचत नव्हतं."

"मला फोन करायचात."

"तुला सुट्टी एकच असते."

"पण घेताय कशाला? माझ्याकडे आहे की. पुढच्या महिन्यात आमच्याकडे राहायला येताय ना?"

"दोन वर्षांची वॉरंटी आहे ह्याला."

"मी काय विचारतेय, बाबा?"

"तेच सांगतोय."

"आयुष्यात कधी केरसुणी हातात धरली नाहीत!"

"म्हणूनच मशीन घेतोय."

लेक हसली नाही. त्यांचा नंबर आला.

"घरपोच पाठवू, आजोबा? कोणत्या पत्त्यावर?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

गृहस्थ लेकीकडे बघत राहिले. तिने पेन घेतलं आणि आईबाबांच्या घराचा पत्ता लिहिला.

"तिसरा मजला आहे," ती म्हणाली. "लिफ्ट नाही. वर नेऊन द्या, खाली ठेवून जाऊ नका."